आखाड्यातील दुखापत : नशिबाचा भाग की व्यवस्थेचा?

महाराष्ट्र केसरीच्या निकालावरून राज्यात वादंग माजते. पण निकालापर्यंत पोहोचण्याआधीच दुखापतीने बाद होणाऱ्या ग्रामीण मल्लांचा हिशेब कुणीच ठेवत नाही. नांदेड-लातूर पट्ट्यातील तालमींत सराव, लढत आणि उपचार यांची घडी कशी विस्कटली आहे आणि ती थोड्या खर्चात कशी बसवता येईल, याचा हा वेध.

उमरी (जि. नांदेड) : फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर येथे झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत शिवराज राक्षे याचे दोन्ही खांदे गादीला टेकले होते की नव्हते, यावर अवघा महाराष्ट्र हमरीतुमरीवर आला. पंचांना लाथ मारली गेली. त्यानंतरच्या अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड मैदान सोडून गेला, पृथ्वीराज मोहोळ विजेता ठरला आणि राक्षे व गायकवाड या दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. त्याआधी नोव्हेंबर २०२३ मध्ये तर पुण्याजवळील फुलगाव आणि मराठवाड्यातील धाराशिव अशा दोन ठिकाणी, दोन गटांच्या दोन महाराष्ट्र केसरी स्पर्धा एकाच महिन्यात झाल्या. संघटनांचे वाद, पंचांचे निर्णय, गदा आणि चारचाकीची बक्षिसे यांवर वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरले.

या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र कुणाच्या ओठावर आला नाही. त्या गादीपर्यंत पोहोचण्याआधीच किती मल्ल गुडघा, खांदा किंवा मान दुखावून कायमचे घरी बसतात? नांदेड-निजामाबाद लोहमार्गावरील उमरी, धर्माबाद, मुदखेड, किंवा पलीकडचे भोकर, नायगाव या पट्ट्यात हा प्रश्न केवळ खेळाचा नाही. इथल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा किंवा शेतमजुराचा मुलगा लंगोट बांधतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे गदा असते हे खरे. पण घरच्यांच्या डोळ्यांपुढे पोलीस भरती आणि सैन्य भरती असते. शासकीय नोकऱ्यांतील पाच टक्के क्रीडा आरक्षण, शालेय परीक्षेतील सवलतीचे गुण, भरतीच्या मैदानावर सोळाशे मीटर धावण्याची तयारी, असा सगळा हिशेब त्या तांबड्या मातीशी जोडलेला असतो. गुडघा गेला की कुस्ती तर जातेच. पण भरतीही जाते. घरातले दूध न विकता मुलाला पाजले, त्याचा खुराक पुरवताना उधारी झाली, ती सगळी गुंतवणूक एका चुकीच्या वळणावर मातीत जाते.

परंपरा मोठी, सोयी तोकड्या

मराठवाड्याला कुस्तीची परंपरा नाही, असे कुणी म्हणू धजणार नाही. महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा १९६१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतच झाली. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ मध्ये लातूरच्याच मैदानावर महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७० च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. लातूर जिल्ह्यातीलच काका पवार यांनी ग्रीको-रोमन कुस्तीत अर्जुन पुरस्कारापर्यंत मजल मारली. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदकाचा मानकरी ठरला. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत हर्षवर्धन सदगीरशी झुंजणारा शैलेश शेळके हाही लातूरचाच.

तथापि, या नामावलीत एक समान धागा आहे आणि तो अभिमानापेक्षा विचार करायला लावणारा आहे. बिराजदार घडले ते कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत. पुढे त्यांनी शिष्य घडवले ते पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत. काका पवारांचे संकुल पुण्यात आहे आणि आवारे, शेळके यांचे सरावस्थानही पुणेच. म्हणजे मराठवाडा मुले देतो आणि कोल्हापूर-पुणे त्यांचे मल्ल करतात. जे तिथवर पोहोचतात त्यांना वस्ताद, जोड, खुराक आणि दुखापत झालीच तर अस्थिरोगतज्ज्ञ व फिजिओथेरपिस्ट मिळण्याची शक्यता असते. जे उमरीतच राहतात, त्यांना विशेषज्ञ उपचारांसाठी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरचे नांदेड गाठावे लागते. विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तपासणी होऊ शकते. पण शस्त्रक्रियेनंतर आठवड्यातून दोन-तीनदा व्यायामोपचारासाठी सहा-आठ महिने कोण ये-जा करणार? मजुरी बुडवून सोबत कोण जाणार? दुखापतीचा खरा प्रश्न इथे सुरू होतो.

तालमीचे जुने शास्त्र

जुनी तालीम म्हणजे अंधश्रद्धा आणि नवी गादी म्हणजे विज्ञान, अशी सोपी विभागणी अनेकजण करतात. ती खरी नाही. जुन्या तालमीत दुखापत टाळण्याची एक व्यवस्था होती. तिला नाव दिलेले नव्हते इतकेच. पहाटे आखाड्यात उतरलेला मल्ल आधी फावड्याने माती खोरायचा. माती भुसभुशीत व्हायची आणि अंगही तापायचे. आज ज्याला वॉर्म-अप म्हणतात, तो या कामातच उरकला जाई. मातीत हळद, ताक, लिंबू, तेल, कापूर मिसळण्यामागे ती मऊ राहावी आणि अंगावरच्या ओरखड्यांना त्रास होऊ नये, हाच हेतू होता. जोर, बैठका, सपाट्या, दोर आणि मल्लखांब यांनी खांदे, पाठ, मांड्या व मनगटे आधी भक्कम केली जात आणि मगच मुलाला लढतीला सोडले जाई.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जोड लावण्याचा अधिकार वस्तादाचा असे. कोणी कोणाशी, किती वेळ आणि किती जोराने लढायचे हे तो ठरवी. नवख्याला थोराड मल्लाच्या हाती दिले, तर तो मल्ल त्याला खेळवी, आपटत नसे. डाव घटवणे, लढत करणे आणि मैदान मारणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, याचे भान तालमीला होते. डाव घटवताना समोरचा विरोध करीत नाही. लढतीत विरोध असतो, पण वैर नसते. मैदानात मात्र सर्वस्व पणाला लागते. आधुनिक क्रीडाशास्त्र सरावाच्या तीव्रतेच्या पायऱ्या म्हणून जे सांगते, ते यापेक्षा फारसे निराळे नाही.

अर्थात जुन्या तालमीचे दोषही होते. हजार बैठकांचा अट्टहास, व्यायामात पाणी प्यायचे नाही हा समज, दुखणे अंगावर काढणे म्हणजे मर्दुमकी ही शिकवण आणि 'उतरलेला' सांधा ओढून बसवणारे हात, हा त्याच परंपरेचा भाग होता. दुर्दैव असे, की गेल्या काही दशकांत व्यवस्था मोडली आणि दोष तेवढे शिल्लक राहिले. एकाच वस्तादाच्या नजरेखाली वर्षानुवर्षे घडण्याची पद्धत मागे पडली. मोबाइलवर परदेशी मल्लांच्या फेकी पाहून संध्याकाळी त्या एकमेकांवर आजमावणारी मुले वाढली. सहा महिने न फिरकलेला मुलगा यात्रा जवळ आली की पहिल्याच दिवशी पाचशे बैठका मारू लागला. अंगाला सवय नसताना असा अतिरेक केला, तर स्नायू फुटून त्यातील द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर घाला येतो. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, तर तो 'गरमीचा' त्रास नसून तातडीने रुग्णालय गाठण्याचा इशारा असतो. हे किती तालमींत ठाऊक आहे?

माती सुटली, गादी आली

आंतरराष्ट्रीय कुस्ती गादीवर होते, म्हणून गादी आली. ते अपरिहार्यच होते. मात्र मातीवरून गादीवर जाणे म्हणजे केवळ पृष्ठभाग बदलणे नव्हे. मातीत पाय सरकतो. वळताना लागलेला जोर काही अंशी मातीच शोषून घेते. गादीवर रबरी तळाचा बूट घट्ट रुततो, पाय जागीच राहतो, वरचे शरीर फिरते आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. मातीवरची कुस्ती सावकाश, पकडीची आणि दमाची. गादीवरची वेगाची, गुणांची आणि तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची. पट काढण्यासाठी खाली झेपावणे आणि तो हुकवण्यासाठी पाय मागे फेकणे यांचे प्रमाण गादीवर कितीतरी पटींनी वाढते. कुस्तीतील दुखापतींचे जगभरचे अभ्यास पाहिले, तर बहुतेक दुखापती याच टप्प्यावर, म्हणजे उभ्याने सुरू झालेली झटापट खाली येताना होतात. त्यांत गुडघा, खांदा, डोके-मान आणि घोटा यांचा क्रम वरचा असतो.

यात्रेच्या हंगामात ग्रामीण मल्ल आज मातीवर, उद्या गादीवर आणि परवा पुन्हा मातीवर उतरतो. शालेय स्पर्धेसाठी १४, १७ व १९ वर्षांखालील गटात तालुका, जिल्हा, विभाग अशा पायऱ्या चढायच्या त्या गादीवर. आणि गावोगावचे इनाम घ्यायचे ते मातीवर. दोन्हींसाठी शरीर वेगळ्या रीतीने तयार करावे लागते, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. त्यात अनेक ठिकाणची गादी वर्षानुवर्षे तीच, सांधे उघडलेली आणि दबून कठीण झालेली. अशा गादीवर डोक्यावर पडणे आणि फरशीवर पडणे यांत फारसा फरक उरत नाही.

लढत म्हणजे मैदान नव्हे

दर तासाचा हिशेब केला, तर प्रत्यक्ष सामन्यात दुखापतीचा धोका सरावापेक्षा अधिक असतो. परंतु मल्लाचे आयुष्य सामन्यांत नव्हे, तर सरावात जाते. त्यामुळे एकूण दुखापतींचा मोठा वाटा तालमीतच पदरी पडतो. म्हणूनच सराव लढतीची शिस्त हा या प्रश्नाचा गाभा आहे. रोज संध्याकाळी पूर्ण जोराने, हार-जीत ठरेपर्यंत लढायचे, ही अनेक ठिकाणची रीत झाली आहे. बघ्यांसमोर पडायचे नाही म्हणून मुलगा वेडावाकडा हात टेकतो आणि कोपर निखळते. डाव लागला असता सोडून द्यायचा, पाठीवर पडायला शिकायचे, हे शिक्षण मागे पडले आहे.

जगभरच्या युद्धकलांनी यावर साधे उपाय शोधले आहेत. ज्युदोत नवशिक्याला फेकण्याआधी पडायला शिकवतात. हातापायाला किंवा गळ्याला पीळ असह्य झाला, की जोडीदाराच्या अंगावर किंवा जमिनीवर थाप मारायची आणि त्याने त्याच क्षणी सोडायचे, हा तिथला अलिखित धर्म आहे. तायक्वांदोत छातीला कवच आणि डोक्याला शिरस्त्राण असल्याविना लढत होत नाही. खुद्द नांदेडमध्ये, तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या परिसरात होला मोहल्ल्याला दिसणारा गतका हा शस्त्राचा खेळ. पण स्पर्धेच्या गतक्यात तलवारीच्या जागी सोटी आणि हाती ढाल असते. प्रहार कुठे व कसा करायचा, याचे नियम असतात. शस्त्राची कला बोथट सोटीने शिकता येते, तर कुस्तीची लढत निम्म्या जोराने का शिकता येऊ नये?

जोड लावताना केवळ वजन पाहणेही पुरेसे नाही. पंचेचाळीस किलोचा तेरा वर्षांचा मुलगा आणि तेवढ्याच वजनाचा सतरा वर्षांचा मुलगा तराजूत सारखे भरतात. परंतु धाकट्याची हाडे अजून वाढत असतात आणि वाढीच्या टोकांना झालेली इजा पुढे हात किंवा पाय वाकडा करू शकते. वय, वजन, अनुभव आणि मागची दुखापत या चारही गोष्टी पाहूनच जोड लागायला हवी. वस्तादाच्या डोक्यात पूर्वी हे सारे असे. आता तालमीत मुले चाळीस आणि वस्ताद एक, अशी स्थिती असेल तर ते वहीत असायला हवे.

वजनाचा जीवघेणा खेळ

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ७ ऑगस्ट २०२४ रोजी विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीपूर्वी अवघ्या शंभर ग्रॅमने जास्त भरली आणि अपात्र ठरली. देश हळहळला. तिने रात्रभर वजन उतरवण्यासाठी केलेल्या आटापिट्याच्या कहाण्या घरोघरी पोहोचल्या. पण त्यातून तालमीतल्या मुलाने धडा कोणता घेतला? अजून घाम काढायला हवा होता, हाच! प्रत्यक्षात धडा उलटा आहे. आपल्या नैसर्गिक वजनाच्या फार खालच्या गटात उतरू नये, हा तो धडा.

अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस सुमारे महिनाभरात तीन महाविद्यालयीन मल्ल वजन उतरवताना मृत्युमुखी पडले. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने रबरी पोशाख व घाम काढण्याच्या तापवलेल्या खोल्यांवर बंदी घातली आणि वजन सामन्याच्या अगदी आधी घेण्याचा नियम केला. जागतिक कुस्ती संघटनेनेही २०१८ पासून स्पर्धेच्या दिवशी सकाळीच वजन घेण्याची पद्धत आणली, ती याच कारणासाठी. उपाशीपोटी, पाणी तोडून, जाड कपडे घालून उन्हात धावणाऱ्या मल्लाचे वजन उतरते ते चरबीचे नव्हे, पाण्याचे. पाणी आटलेला स्नायू लवकर थकतो, थकलेला मल्ल डाव चुकतो आणि चुकलेल्या डावात सांधा जातो. नांदेड-लातूरच्या उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. तिथे हा खेळ थेट उष्माघाताला निमंत्रण आहे. चौदा वर्षांखालील मुलाने तर वजन उतरवायचेच नसते. त्याचे वाढीचे वय असते.

दुखणे लपवण्याची किंमत

विनेशचेच उदाहरण दुसऱ्या अंगानेही पाहण्यासारखे आहे. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तिचा गुडघा मोडला. तिने उपचार पूर्ण केले आणि २०१८ मध्ये राष्ट्रकुल व आशियाई या दोन्ही स्पर्धांत सुवर्ण जिंकले. ऑगस्ट २०२३ मध्ये दुसऱ्या गुडघ्यावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि वर्षभरात ती ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचली. म्हणजे गुडघा गेला की कुस्ती संपली, हे खरे नाही. वेळेवर निदान, योग्य शस्त्रक्रिया आणि चिकाटीचा व्यायामोपचार मिळाला तर मल्ल परततो. तिन्हींपैकी एकही न मिळाल्यास मात्र तो परतत नाही.

गुडघ्यातून 'कट्' असा आवाज आला, काही तासांत सूज चढली आणि चालताना गुडघा सटकू लागला, तर आतला मुख्य अस्थिबंध, ज्याला डॉक्टर एसीएल म्हणतात, तुटल्याची दाट शक्यता असते. अशा वेळी ग्रामीण मल्ल काय करतो? गरम तेलाने चोळून घेतो, कुणाकडून ओढून घेतो, पंधरा दिवसांत सूज उतरली की पुन्हा मैदानात उतरतो. सैल गुडघ्यावर लढताना आतली गादी, म्हणजे कूर्चा, फाटते आणि तिशीतच संधिवात मागे लागतो. शस्त्रक्रिया झाली तरी किमान नऊ महिने लढतीपासून दूर राहावे, असा वैद्यकीय संकेत आहे. घाईने परतणाऱ्यांत पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण लक्षणीय असते.

कानाचेही तसेच. फुगून घट्ट झालेला कान ही पैलवानाची शान समजली जाते. वास्तविक ती साकळलेल्या रक्ताची गाठ असते. काही दिवसांत डॉक्टरांकडून ते रक्त काढून पट्टी बांधली, तर कान पूर्ववत राहतो. डोके आपटून क्षणभर शुद्ध हरपली, गरगरले, उलटी झाली, तर त्या दिवशी पुन्हा लढायचे नसते. मेंदू सावरण्याआधी दुसरा मार बसला तर तो जिवावर बेतू शकतो. त्वचेचा नायटा हे तर तालमीचे घरचे दुखणे. औषध दुकानातून स्वतःच आणलेले स्टेरॉइडयुक्त मलम लावले, की तो दबतो आणि नंतर दुप्पट पसरतो. शिवाय जोडीदारालाही मिळतो. अंगावर नायटा असलेल्याने लढत करायची नाही आणि गादी रोज जंतुनाशकाने पुसायची, एवढे दोन नियम पुष्कळ काम करतात. मातीत लढणाऱ्याने धनुर्वाताची लस घेतलेली असावी, हे वेगळे सांगायला नको.

याहून गंभीर आहे ते इंजेक्शनांचे वेड. शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब वाढवण्यासाठी वापरले जाणारे मेफेंटरमिन हे औषध दम टिकावा म्हणून व्यायामशाळांत व तालमींत टोचून घेतल्याचे प्रकार राज्यात उघड झाले आहेत. ते उत्तेजकविरोधी नियमांनुसार निषिद्ध आहे. बंदी ही त्याची लहान शिक्षा. हृदयाचे ठोके बिघडणे ही मोठी. वेदनाशामक सुई घेऊन मैदानात उतरणे हाही त्याच वाटेवरचा थांबा. वेदना हा शरीराचा पहारेकरी आहे. त्यालाच झोपवल्यावर चोरी झाली तर दोष कुणाला द्यायचा?

यात्रेच्या मैदानात वैद्य कुठे?

लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेपासून चैत्र-वैशाखातील गावोगावच्या जत्रांपर्यंत मराठवाड्यात कुस्त्यांचा हंगाम चालतो. नारळाच्या कुस्तीपासून शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत हलगी कडाडत राहते. मल्ल एका आठवड्यात तीन-चार गावे करतो. अनेक ठिकाणी वजनाचा काटा नसतो. समोरचा जोड नजरेने ठरतो. गर्दी निकाली कुस्तीच मागते आणि इनामाची रक्कम शरीराला थांबू देत नाही.

याच प्रकारच्या मैदानावर २०१८ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळा तालुक्यातल्या बांदिवडे येथे एका तरुण मल्लाच्या मानेला मार बसला आणि उपचारादरम्यान त्याचा मृत्यू झाला. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. तिथे हे घडू शकते, तर जिथे वैद्यकीय सोयी दूर आहेत तिथे काय होईल? मानेच्या दुखापतीत पहिली काही मिनिटे निर्णायक असतात. पडलेल्या मल्लाला चौघांनी हातापायाला धरून उचलणे, पाणी मारून बसवणे, मान फिरवून पाहणे यांतून मज्जारज्जूची उरलीसुरली आशाही संपते. त्याला आहे तिथेच, मान न हलवता धरून ठेवावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, एवढे ज्ञान यात्रा समितीतील दोघांना असले तरी एखादा जीव वाचेल. मंडप, ध्वनिक्षेपक, फेटे आणि पाहुण्यांचे सत्कार यांसाठी वर्गणी जमते. एक रुग्णवाहिका, एक डॉक्टर आणि मानेचा पट्टा यांसाठी ती का जमू नये?

या चित्रात मुलींचाही विचार व्हायला हवा. मार्च २०२३ मध्ये सांगली येथे पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, प्रतीक्षा बागडी विजेती ठरली आणि ग्रामीण भागातील मुलींसाठी एक दार उघडले. वळणे, उड्या मारणे, थांबणे यांचा समावेश असलेल्या खेळांत मुलींना गुडघ्याच्या अस्थिबंधाच्या दुखापतीचा धोका मुलांपेक्षा अधिक असतो, हे वैद्यकशास्त्र सांगते. त्यांना मुलांच्याच जोडीला उभे करून 'सराव' करून घेणे, ही सोय असेल, प्रशिक्षण नव्हे.

खर्च थोडा, इच्छा हवी

जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या व्यासपीठावरून नामवंत मल्लांच्या मानधनात वाढ जाहीर झाली. तिचे स्वागतच झाले. मात्र मानधन जिंकलेल्यांना मिळते; दुखापत जिंकण्याआधी होते. तालुका पातळीवरच्या मल्लासाठी काय करता येईल, याची यादी फार लांब नाही आणि फार महागही नाही.

पहिली गोष्ट सरावाच्या आधीची. फुटबॉलमध्ये वीस मिनिटांचा ठरावीक पूर्वव्यायाम नियमाने केल्यास दुखापती सुमारे एक तृतीयांशाने घटतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. त्याला कोणतेही साधन लागत नाही. तोल सांभाळणे, उडी मारून गुडघा सरळ रेषेत ठेवून उतरणे, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद यांचे ते व्यायाम आहेत. मानेचे व्यायाम त्यात जोडले की कुस्तीसाठीचा आराखडा तयार होतो. दुसरी गोष्ट लढतीची. आठवड्यातील दोनच दिवस पूर्ण जोराची लढत, बाकीचे दिवस डाव घटवणे व निम्म्या जोराची लढत, आणि एक दिवस पूर्ण विश्रांती. तिसरी गोष्ट वहीची. प्रत्येक मुलाचे वय, वजन, लस, दुखापत आणि परतीची तारीख त्यात असावी. चौथी गोष्ट तपासणीची. जिल्हा क्रीडा कार्यालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांनी हातमिळवणी केली, तर यात्रांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी तालुक्याच्या ठिकाणी वर्षातून एकदा मल्लांची तपासणी आणि शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी महिन्यातून ठरावीक दिवशी फिजिओथेरपिस्टची भेट अशक्य नाही. पाचवी गोष्ट विम्याची. स्पर्धेच्या प्रवेशशुल्कात अपघात विम्याचा हप्ता घालणे आयोजकांना जड नाही.

यांतील एकही गोष्ट वस्तादाचा मान कमी करणारी नाही. उलट, पूर्वी जी जोखीम तो एकटा डोक्यावर वाहत होता, ती वाटून घेणारी आहे. 'लाल मातीत हाडे मोडायचीच' हे वाक्य मराठवाड्यात कौतुकाने उच्चारले जाते. पण हाडे मोडतात तेव्हा त्या घरातले एक हातही मोडते, भरतीचा अर्ज कोराच राहतो आणि मुलगा ऊसतोडीच्या किंवा बांधकामाच्या कामावर जायलाही निकामी होतो. त्याला नशीब म्हणणे सोयीचे आहे. कारण नशिबाला जाब विचारता येत नाही. व्यवस्थेला मात्र तो विचारता येतो.

राज्य पातळीवर खांदे टेकले की नाही, हे ठरवण्यासाठी चारी बाजूंनी कॅमेरे लावण्याची मागणी झाली. ती रास्तच आहे. उमरीच्या आखाड्यात मात्र कॅमेऱ्याची गरज नाही. समोर उभ्या असलेल्या मुलाचा गुडघा सुजला आहे, हे पाहायला वस्तादाचे डोळे पुरेसे आहेत. आज त्याची जोड लावायची नाही, एवढे त्याने ठणकावून सांगण्याची आणि बाकीच्यांनी ते ऐकण्याची तेवढी गरज आहे.